प्रोफेसर केल्फा आणि वाटाण्याचा वेल

मोबाइलमध्ये टाइमलॅप्स नावाचं बटण असतं. तुम्ही ते कधी ना कधी दाबलंच असेल. गंगापूर धरणावरचे ढग, कॉलेज रोडवरचं संध्याकाळचं ट्रॅफिक, सोमेश्वरचा धबधबा. दोन मिनिटांचं काम. स्टेटसला टाकायचं आणि विसरून जायचं.

आता मोबाइल बाजूला ठेवा आणि १९१२ सालच्या दादरमध्ये चला. एका घरात मातीची कुंडी ठेवली आहे. कुंडीत वाटाणे पेरले आहेत. कुंडीसमोर हँडल फिरवून चालवायचा लाकडी कॅमेरा आहे. एक चाळिशी ओलांडलेला माणूस रोज त्या कॅमेऱ्यापाशी येतो, थोडीशी फिल्म खर्च करतो आणि निघून जातो. महिनाभर हेच चालू आहे. घरातलं बरंचसं सामान विकून झालंय. विमा पॉलिसी गहाण पडली आहे. नोकरी नाही. आणि हा माणूस वाटाण्याचे फोटो काढतोय.

शेजाऱ्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

या माणसाचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना दादासाहेब म्हणतो. भारतीय सिनेमाचे जनक ही ओळख आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पाच मार्कांच्या टिपेत ती बसते. पण त्या टिपेत वाटाण्याचा वेल नसतो. आणि खरं सांगायचं तर फाळक्यांची सगळी गोष्ट त्या वेलात आहे.

त्र्यंबकचा मुलगा

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे आपल्यापासून तीस किलोमीटरवरचा. घर वैदिक ब्राह्मणाचं. वडील संस्कृतचे पंडित. ज्योतिर्लिंगाचं गाव, समोर ब्रह्मगिरी, तिथून निघणारी गोदावरी. पुराणातल्या कथा या मुलाने पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकल्या असणार.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, म्हणजे पुढे गैरसमज नको. फाळके नास्तिक नव्हते. त्यांनी आयुष्यभर देवांचेच सिनेमे काढले. त्यांना ओढूनताणून आजच्या कुठल्या गटात बसवायचं कारण नाही. पण एखादा माणूस काय मानतो आणि रोज हाताने काय करतो, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. फाळक्यांचे हात आयुष्यभर एकच काम करत राहिले. डोळ्यांना अचंबा वाटेल अशी गोष्ट घडवायची, आणि ती घडवताना काच, उजेड, रसायन आणि गणित यांच्यापलीकडे कशाचीही मदत घ्यायची नाही.

वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब तिकडे गेलं. १८८५ मध्ये धुंडिराजने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तिथून पुढे बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी, छपाई, जे दिसेल ते शिकायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस एका डिग्रीवर थांबायला तयारच नव्हता. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याला काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. एक काही धड कर!

शिक्षणानंतर त्यांनी गुजरातमध्ये गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे धंद्याच्या आड आली ती एक समजूत. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती खेचून घेतो, फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं लोक मानायचे. हसू नका. काळं कापड अंगावर घेऊन एक माणूस पेटीआड उभा राहतो, आणि थोड्या वेळाने कागदावर तुम्ही जसेच्या तसे उमटता. पेटीत काय घडतंय हे ठाऊक नसेल तर भीती वाटणारच. ज्याला पेटीच्या आतलं माहीत आहे त्याला मात्र तीच गोष्ट भीतीची न राहता गमतीची होते. फरक फक्त आत डोकावण्याचा.

याच काळात प्लेग आला. १९०० च्या सुमारास फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल त्यात गेले. वय जेमतेम तीस. स्टुडिओ बंद झाला आणि ते बडोद्याला परतले.

फाळके उलटं वाचा

यानंतर त्यांनी काय करावं? ते जादूगार झाले.

गंमत नाही करत आहे. एका परदेशी जादूगाराशी त्यांची ओळख झाली होती. त्याच्याकडून हातचलाखी आणि युक्त्या ते शिकले आणि पुढे स्वतःचे प्रयोग करू लागले. रंगमंचावरचं नाव प्रोफेसर केल्फा. ‘फाळके’ हे नाव शेवटच्या अक्षरापासून वाचत या, म्हणजे कळेल.

जादूगार हा फार प्रामाणिक धंदा आहे, असं मला वाटतं. तो तुम्हाला फसवतो, पण फसवणार हे आधीच सांगून. तिकीट काढतानाच तुम्हाला माहीत असतं की रुमालातून कबूतर खरंच जन्माला येत नाही. तरी तुम्ही टाळ्या वाजवता. आता तेच कबूतर, तोच रुमाल एखाद्या बुवाच्या हातात द्या. तो म्हणेल, ही माझी सिद्धी आहे. युक्ती तीच, पण तिथे तुम्ही प्रेक्षक राहत नाही, भक्त होता. आणि खिसा मोकळा करून घरी जाता. हातातून अंगारा काढणं किंवा नुसत्या पाण्याने होम पेटवणं, हे सगळं आपल्याकडचे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते कॉलेजांमधून करून दाखवतात आणि लगेच त्यामागचं रसायनही सांगतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तोही याच फरकासाठी. जादू करायला त्या कायद्याने बंदी नाही. चमत्काराच्या नावाखाली लुबाडायला आहे.

प्रोफेसर केल्फा या फरकाच्या कुठल्या बाजूला होते हे पुढे नीट दिसतं.

१९०२ मध्ये फाळक्यांनी दुसरं लग्न केलं. पत्नीचं माहेरचं नाव कावेरी, सासरचं सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा, कारण त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट घडतच नाही. काही काळ फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी केली. ती सोडली. मग छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचं काम केलं, आधी लोणावळ्याला, नंतर दादरला. रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसलं आणि तेही सोडलं.

वय चाळीस, हातात काही नाही. सीव्ही म्हणून बघितला तर कुणी इंटरव्ह्यूला बोलावणार नाही.

पडद्यावर प्राणी चालतात

१९१०-११ च्या सुमाराची गोष्ट. फाळके थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया थिएटरमध्ये गेले. तिथे तंबूच्या पडद्यावर प्राण्यांची फिल्म दाखवत होते. मुलगा घरी आला आणि आईला सांगू लागला की पडद्यावर प्राणी चालतात. घरात कुणाचाच विश्वास बसेना. मग फाळक्यांनी काय केलं? वाद घातला नाही. सगळ्यांना घेऊन परत थिएटरला गेले. तुम्हीच बघा.

या खेपेला पडद्यावर येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म होती. ती बघता बघता फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण दिसू लागले, आपल्या गोष्टी अशा पडद्यावर कधी येणार हा प्रश्न तिथेच सुरू झाला, हे तुम्ही ऐकलेलं असेल. ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात, जणू एक साक्षात्कार झाला आणि सिनेमा जन्मला.

तसं नाही झालं. त्यानंतर बरेच महिने फाळके रोज सिनेमाला जात राहिले, दिवसाकाठी चार-पाच तास. उरलेल्या वेळात घरी प्रयोग, वाचन, जागरण. झोप तीन तास. भक्त एकदा बघतो आणि हात जोडतो. फाळके पुन्हा पुन्हा बघत होते, कारण त्यांना त्या उजेडाच्या झोताच्या मागे काय चाललंय ते हवं होतं.

याची किंमत डोळ्यांनी मोजली. दिसेनासं झालं. विचार करा, ज्याचं सगळं आयुष्य बघण्यावर उभं आहे तो माणूस चाळिशीत जवळजवळ आंधळा होतो. उपचार झाले, विश्रांती झाली, तीन-चार वेगवेगळे चष्मे लागले, आणि दृष्टी परत आली. नवस नाही, डॉक्टर आणि भिंगं. बरं वाटताच ते पुन्हा कामाला लागले. माझा यातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे आणि सगळ्यात काळजीचाही. एखाद्या गोष्टीचं वेड किती असावं, याचं उत्तर फाळक्यांच्या आयुष्यातून सोपं निघत नाही.

फेब्रुवारी १९१२ मध्ये विमा पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले. ओळख कुणाची नाही. ‘बायोस्कोप’ नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात जाऊन थेट संपादकांना भेटले. त्यांनी सुरुवातीला या धंद्यात पडू नका असंच समजावलं, पण मग मदतही केली. त्यांच्या ओळखीने फाळक्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ आतून बघायला मिळाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र यांची खरेदी झाली, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि दोनेक महिन्यांत स्वारी घरी परत.

महिना एका मिनिटात

आता पुन्हा त्या कुंडीपाशी या.

कॅमेरा आला होता. पण सिनेमा काढायला पैसा लागतो आणि पैसेवाल्यांना हा काय वेडेपणा आहे हे कळत नव्हतं. फाळक्यांना काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांच्यासारख्या जादूगाराने काय दाखवावं असं तुम्हाला वाटतं? अदृश्य होणारा माणूस? हवेत तरंगणारी बाई? ते सगळं त्यांना येत होतं. त्यांनी निवडला वाटाणा.

फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. लांबी साधारण एक मिनिट. दाणा फुगतो, माती सरते, कोंब वर येतो, पानं उघडतात, वेल चढतो.

यामागचा हिशोब बघा, कारण मजा तिथे आहे. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटाला ९६०. ती महिन्याच्या तीस दिवसांत वाटली तर दिवसाला ३२ आली. वेल वाढतो त्याच्या गतीने आणि चित्रं घेतली आहेत खूप अंतराअंतराने. ती पडद्यावर भराभर फिरली की महिना मिनिटात मावतो. बस्स. यात लपवाछपवी काही नाही. वेल खरा, वाढही खरी. खोटं काही असेलच तर ते आपलं नेहमीचं बघणं, ज्यात झाड हलतच नाही असं वाटतं.

वाटाण्याचा वेल खरंच हलतो. त्याच्या टोकाशी जो बारीक तंतू असतो तो हवेत गोल गोल फिरतो, आधार शोधतो. काडी लागली की तिला विळखा घालतो. चार्ल्स डार्विनने वेलींच्या या हालचालींवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. फाळके दादरला कुंडीसमोर बसले होते त्याच वर्षांत कोलकात्यात जगदीशचंद्र बोस झाडांच्या हालचाली यंत्रांनी मोजत होते. म्हणजे तुमच्या गॅलरीतल्या कुंडीत आत्ता, हा लेख वाचून होईपर्यंत, एक तंतू चाचपडतोय. आपल्या डोळ्यांना तेवढा धीर नाही म्हणून दिसत नाही, इतकंच.

ज्यांनी ती फिल्म बघितली त्यांतल्या काहींनी फाळक्यांना कर्ज दिलं. भारतातल्या पहिल्या फीचर फिल्मचं भांडवल एका वाटाण्याने उभं केलं, असं म्हटलं तरी चालेल.

पावणेपाच लाख छिद्रं

मग ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये तो लोकांसाठी लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या हॉटेलात काम करणाऱ्या तरुणाला साडी नेसवली. हरिश्चंद्राच्या मुलाचं काम भालचंद्रने केलं, तोच, ज्याने घरी येऊन पडद्यावर प्राणी चालतात असं सांगितलं होतं.

फिल्मची लांबी होती ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रं बसतात. म्हणजे ५९ हजारांहून जास्त चित्रं. आणि कच्ची फिल्म तेव्हा कडेला छिद्रं नसलेली यायची. छिद्रं आपण पाडायची, अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. प्रत्येक चित्राला एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. हिशोब केला तर पावणेपाच लाखांच्या आसपास जातो, आणि तोही नुसत्या पडद्यावर पोहोचलेल्या फिल्मचा. एक जरी छिद्र वेडंवाकडं पडलं तर पडद्यावर चित्र थरथरणार.

हे यंत्र चालवत होत्या सरस्वतीबाई. रात्री, अंधाऱ्या खोलीत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. उन्हात उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभं राहायचं तेही त्यांनीच. फिल्म धुण्याची रसायनं कालवायची तीही. दागिने आधीच गेले होते. भारतीय सिनेमाचे जनक आपण म्हणतो, तेव्हा आई कोण हे विचारायला हवं. त्यांचं नाव पुरस्कारावर नाही. यात चमत्कार शोधायचा असेल तर मला तो इथे दिसतो, आणि तो अजिबात दैवी नाही. तो खांदेदुखीचा आहे.

पडद्यावर मात्र शंकर एकदम प्रकट व्हायचे. कसे? कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी जागेवर पुतळ्यासारखं उभं राहायचं, शंकराचं काम करणाऱ्याने मध्ये येऊन उभं राहायचं, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिए हीच युक्ती वापरत होते. तेही मूळचे जादूगारच. जगाच्या दोन टोकांना दोन जादूगार सिनेमात आले हा योगायोग म्हणता येत नाही. कशाने माणसाचा डोळा चकतो हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

आणि सगळ्यात मोठी युक्ती तर आपल्याच डोक्यात आहे. पडद्यावर काहीच हलत नसतं. एक स्थिर चित्र, क्षणभर अंधार, दुसरं स्थिर चित्र, पुन्हा अंधार. हालचाल जोडतो तो आपला मेंदू. थिएटरमध्ये रडता तेव्हा अर्धा सिनेमा तुम्ही बनवलेला असतो.

नाशिक, आणि एक अडचण

‘हरिश्चंद्र’नंतर त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. आपल्या गावात सिनेमाचा स्टुडिओ उभा राहिला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, म्हणजे बाईचं काम अखेर बाईने केलं. १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालला. त्यात अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचंही काम केलं. म्हणजे एकच माणूस स्वतःच्याच विरहात.

आता अडचण. पडद्यावर राम आला की लोक चपला काढायचे, हात जोडायचे, अशा आठवणी त्या काळातल्या लोकांनी सांगितल्या आहेत. म्हणजे बघा, ज्या माणसाने एकेक चमत्कार हाताने बनवला, त्याच्या पडद्याला लोक देव्हारा समजले. मग फाळक्यांनी डोळे उघडले की आणखी घट्ट मिटवले?

हा प्रश्न खोटा नाही. पौराणिक सिनेमे चालतात म्हणून पुढे कित्येक निर्माते तेच काढत राहिले, आणि आजही मोबाइलवर एडिट केलेले ‘चमत्कार’ फॅमिली ग्रुपवर फिरतात. त्यांतला एखादा तुमच्या मावशीने तुम्हाला आज सकाळीच पाठवला असेल. तंत्र फाळक्यांचंच, शंभर वर्षांनी पुढे आलेलं.

पण फाळक्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी ग्रुपवरचा व्हिडिओ बनवणारा कधी करत नाही. त्यांनी पडदा बाजूला करून आतलं दाखवलं. सिनेमा कसा तयार होतो हे सांगणारी एक छोटी फिल्म त्यांनी काढली. त्यात स्वतः फाळके कामाला बसलेले दिसतात. त्या फिल्मचे काही तुकडे उरले आहेत. ‘नवयुग’ मासिकात लेख लिहून आपण हे सगळं कसं केलं तेही त्यांनी लोकांना सांगितलं. आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात बघा. बाळकृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं. वय सातच्या आसपास. पण फिल्म सुरू होते ती कृष्णाने नाही. आधी एक साधी मुलगी दिसते. ती चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते. मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो.

म्हणजे बाप प्रेक्षकांना आधीच सांगतोय की ही माझी पोरगी आहे, ती आता सोंग घेणार आहे. आणि हे सांगून झाल्यावरही जेव्हा ती नागाच्या फण्यावर नाचते, तेव्हा अंगावर काटा येतो. कमी येत नाही. तुम्हाला माहीत आहे की ही मंदाकिनी आहे, म्हणूनच तर कौतुक वाटतं. खरा देव नाचला तर त्यात नवल काय? सात वर्षांची पोर नाचते त्यात नवल आहे.

प्रोफेसर केल्फा त्या फरकाच्या कुठल्या बाजूला होते, ते इथे कळतं.

आपल्याला लहानपणापासून एक भीती घातलेली असते. सगळं समजून घेतलं की मजा निघून जाईल. इंद्रधनुष्य म्हणजे पाण्याच्या थेंबात वाकलेला उजेड, एवढं कळलं की त्याची जादू संपली. फाळक्यांचं आयुष्य याच्या बरोबर उलट सांगतं. या माणसाला आतलं सगळं ठाऊक होतं. कुठलं छिद्र कुठे, कुठली युक्ती कुठे, कुठल्या रसायनाला किती वेळ. तरी त्यांचं कुतूहल संपलं नाही. त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ काढली. तळेगावच्या काच कारखान्यावर फिल्म काढली. वितळलेल्या काचेत आणि वाटाण्याच्या कोंबात त्यांना तेवढाच रस होता जेवढा लंकेच्या आगीत.

शेवटची रिळं

शेवट गोड करून सांगायचा मोह होतो, पण तो तसा नाही. १९१८ मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली आणि पुन्हा भागीदारांशी बिनसलं. फाळके रागाने काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. परत आले, पुन्हा कामाला लागले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटांचा बाजार उठला. ज्यांनी हा खेळ सुरू केला त्यांनाच त्याचे नवे नियम जमेनात. बोलपट म्हणून त्यांनी एकच चित्रपट दिग्दर्शित केला, १९३७ चा ‘गंगावतरण’. गोदेच्या उगमाजवळ जन्मलेल्या माणसाचा शेवटचा सिनेमा नदी पृथ्वीवर उतरते त्याचा. तोही ट्रिक फोटोग्राफीने उतरवलेला.

पुढची वर्षं नाशिकमध्ये, फारशी कुणाला आठवण नसताना आणि हातात पैसा नसताना गेली. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते इथेच वारले. एकोणीस वर्षांत त्यांनी नव्वदहून अधिक चित्रपट आणि कितीतरी लघुपट काढले, असं सांगतात. त्यांतलं फार थोडं वाचलं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, म्हणजे त्यांच्यानंतर पंचवीस वर्षांनी.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तुम्ही तिथे पिकनिकला गेला असाल. पुढच्या वेळी गेलात तर रात्री घरी आल्यावर एक करा. ‘कालिया मर्दन’ ऑनलाइन मिळतो, तो लावा. आवाज नाही, चित्र ओरखड्यांनी भरलेलं आहे. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल. मग पाण्याखाली कृष्ण आणि नाग यांची झुंज येईल. तिथे थांबवा आणि स्वतःला विचारा की हे त्यांनी कसं केलं असेल? कॉम्प्युटर नाही, वीज असेल-नसेल, सात वर्षांची पोर. उत्तर लगेच गुगल करू नका. थोडा वेळ डोकं लावा, मित्राशी भांडा, कागदावर काढून बघा.

आणि वाटाणे पेरणार असाल तर आदल्या रात्री भिजत घाला.